तांबडी वाट आणि तळ्याचे पाणी

ओवे गावच्या पाठीशी उभ्या असलेल्या खारघरच्या डोंगरावर श्रावणातल्या एखाद्या उघडिपीत चढून गेले, तर दोन दृश्ये एकाच वेळी नजरेस पडतात. जवळच काळ्या कातळावरून पांडवकडा कोसळत असतो, आणि दूर, पनवेलच्या पलीकडे, पूर्वेचे क्षितिज अडवून प्रबळगड व माथेरान यांची सपाट माथ्याची रांग उभी असते. पांडवकड्याचा आवेश थोड्या दिवसांचा. पाऊस सरला की तो धबधबा आटतो आणि कातळावर ओलीचा डाग तेवढा राहतो. तिकडे मात्र समुद्रसपाटीपासून सुमारे आठशे मीटर उंचीवर, ज्याच्या डोक्यावर दुसरा डोंगर नाही आणि म्हणून ज्याला आभाळाखेरीज पाण्याचा दुसरा नैसर्गिक पुरवठादार नाही, अशा माथेरानच्या माथ्यावर बांध घालून केलेला शार्लोट तलाव गावाची तहान भागवीत असतो आणि कड्यांच्या कडेचे काही झरे उन्हाळ्यातही ठिबकत असतात. दोन्ही डोंगर एकाच ज्वालामुखी खडकाचे, दोहोंवर पडणारा पाऊसही एकाच मोसमी वाऱ्याचा. मग पाण्याच्या बाबतीत त्यांचा स्वभाव इतका भिन्न का, या प्रश्नाचे उत्तर माथेरानच्या पायवाटांवरच पडलेले आहे आणि ते तांबड्या रंगाचे आहे.

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट यांचा मुक्काम १८५० च्या मे महिन्यात चौक येथे होता, तेव्हा ते या डोंगरावर प्रथम चढून गेले. दप्तरी नोंदीत माथेरानचा ‘शोध’ लागला तो या दिवशी. परंतु ठाकूर, कातकरी आणि धनगर यांच्या पायांना या वाटा त्यापूर्वी किती पिढ्या ठाऊक होत्या, याची नोंद कुठल्याच दप्तरात नाही, आणि माथ्यावरचे रान हे त्या स्थळाचे नावही कोणा साहेबाने ठेवलेले नाही. मला महत्त्वाचा वाटतो तो मॅलेट यांच्या स्वारीचा महिना. मे महिन्यात, खालचा सारा मुलूख भाजून निघालेला असताना, वर दाट सावली होती आणि झरे जिवंत होते. तिथे वसाहत वसू शकेल हा भरवसा थंड हवेइतकाच या पाण्यानेही दिला असला पाहिजे. त्यांपैकी एका झऱ्याला मॅलेट यांचेच नाव आहे. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी या ठिकाणाला आश्रय दिला आणि १९०७ साली पीरभॉय कुटुंबाच्या द्रव्याने व उद्यमाने नेरळहून दोन फूट रुंदीच्या रुळांची गाडी वर आली. मोटारी मात्र आजही दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि तेथून पुढे माणसाने पायी किंवा घोड्यावरून जावे, अशी या गावाची जुनी रीत आहे.

आता तो तांबडा दगड. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक साचून दख्खनचा काळा पाषाण, म्हणजे बेसाल्ट, तयार झाला. जिथे भूपृष्ठ सपाट राहिले, पाऊस विपुल पडला आणि वर्षाचे उरलेले महिने कोरडे गेले, तिथे या पाषाणाचे अत्यंत संथ असे रासायनिक विघटन सुरू झाले. हवेतला व मातीतला कर्बवायू विरघळल्यामुळे पावसाचे पाणी किंचित आम्ल होते; ते कातळात मुरत गेले आणि त्यातील चुना, मॅग्नेशियम, सोडियम व बहुतांश सिलिका हळूहळू धुऊन नेत राहिले. पाण्यात सहजासहजी न विरघळणारे लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिले, त्यांची ऑक्साइडे झाली, आणि लोखंडाच्या गंजाला जो रंग असतो तोच रंग साऱ्या माथ्याला आला. हाच आपला जांभा. फ्रान्सिस बुकॅनन यांनी केरळातल्या अंगाडीपुरमजवळ हा दगड पाहिला आणि तिथले लोक त्याच्या विटा पाडतात म्हणून १८०७ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या प्रवासवृत्तात लॅटिन भाषेतल्या विटेच्या नावावरून त्याला ‘लॅटेराइट’ म्हटले. कोकणातल्या चिरेखाणीवर काम करणाऱ्याला निराळे सांगावे लागत नाही की खाणीतून नुकताच निघालेला चिरा हत्याराला नरम लागतो आणि वारा-ऊन खाऊन पुढे कठीण होतो.

जांभ्याचा तुकडा हातात घेऊन पाहावा. तो दगडापेक्षा वाळलेल्या स्पंजासारखा अधिक दिसतो. वेड्यावाकड्या नळ्या आणि पोकळ्या त्याच्या अंगातून आरपार गेलेल्या असतात. काहींत पिवळसर माती भरलेली असते, आणि ती नखाने उकरली की बोटाला जो डाग पडतो तो साबणालाही लवकर दाद देत नाही. या पोकळ्यांतून पाणी सहज खाली उतरते. त्याखाली विघटन अर्धवट राहिलेल्या खडकाची चिकण माती आणि तिच्याही खाली अभंग बेसाल्ट असतो. तिथे पाण्याची वाट अडते, ते आडवे सरकू लागते आणि कड्याच्या अंगाला जिथे हा सांधा उघडा पडतो तिथे झरा होऊन बाहेर येते. माथेरानच्या डोक्यावर हे तांबडे शिरस्त्राण आहे आणि चार महिन्यांत पडणारा प्रचंड पाऊस ते काही काळ तरी आपल्यापाशी ठेवून घेते.

गेल्या कार्तिकात एको पॉइंटकडून लुईझा पॉइंटकडे जाणाऱ्या वाटेने मी तळ्याच्या बाजूने चाललो होतो. पिसारनाथाचे देऊळ मागे पडले होते, अंजन आणि जांभूळ यांची गर्द छाया होती आणि वाटेवर सूर्याचे कवडसे तेवढे हलत होते. जवळच्या बाटलीतले थोडे पाणी मी आधी उघड्या जांभ्यावर ओतले. दगड क्षणात काळवंडला, पाणी छिद्रांत शिरले आणि जरा वेळाने हातभर खालच्या कपारीत ओल दिसू लागली. मग वाटेपासून दोन पावलांवर, कुजलेल्या पानांच्या थरावर ओतले. ते कुठे गेले हे दिसलेसुद्धा नाही. शेवटी वाटेच्या मधोमध, जिथे वर्षानुवर्षे माणसांचे पाय आणि घोड्यांच्या नाला पडल्या आहेत तिथे ओतले, तेव्हा पाण्याने धूळ अंगावर घेतली, तांबडे थेंब गोळीसारखे घरंगळू लागले आणि उताराने थेट तळ्याच्या दिशेने निघाले. एकाच बाटलीतल्या पाण्याचे तीन हातांच्या अंतरात तीन निरनिराळे वर्तन झाले.

या तिसऱ्या वर्तनात वाटेचे सारे शास्त्र आहे. पावसाचा मोठा थेंब सेकंदाला आठ-नऊ मीटर वेगाने जमिनीवर आदळतो आणि उघड्या मातीचे कण उडवतो. झाडाची उंच छत्री त्याला अडवते खरी, पण पानांच्या टोकाशी जमून गळणारे थेंब अनेकदा मूळ थेंबांहूनही मोठे असतात. म्हणून मातीचे खरे रक्षण झुडपे आणि पाचोळा करतात. वाट म्हणजे नेमकी अशी पट्टी, जिच्यावरचा पाचोळा गेला आहे आणि जिच्यातली छिद्रे तुडवून बंद झाली आहेत. तिच्यावर पडलेले पाणी मुरत नाही, वाहते. आणि वाट जर सरळ उतारावर असेल तर दोन-चार पावसाळ्यांत तिचा ओहोळ होतो, झाडांची मुळे उघडी पडतात, चालणारे बाजूला सरून दुसरी वाट पाडतात आणि निघालेली माती अखेरीस तळ्याच्या तळाशी जाऊन बसते. जुन्या वाटा आखणाऱ्यांना याची जाण होती. त्यांनी वाट डोंगराच्या अंगाला तिरपी नेली, तिला बाहेरच्या बाजूस किंचित ढाळ दिला आणि ठिकठिकाणी दगड आडवे रोवून पाणी जोर धरण्याआधीच रानात काढून दिले. रानात गेलेले पाणी मुरते. वाटेने धावलेले पाणी माती नेते. दोन वळणांच्या मधून सरळ खाली उतरणारी चोरवाट दहा मिनिटे वाचवते आणि ही सारी योजना निकामी करते.

माथेरानच्या रस्त्यांवर फरसबंदीचे ठोकळे बसवावेत की नाहीत, हा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि २०२५ साली न्यायालयाने दस्तुरी नाक्यापासून गावातल्या शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंतच्या मुख्य रस्त्याला मुभा देताना आतल्या व रानातल्या वाटा मात्र त्यातून वगळल्या. मला हा निवाडा न्याय्य वाटतो. आजाऱ्याला, वृद्धाला, शाळेत जाणाऱ्या मुलाला चिखलात घसरण्याची सक्ती करण्याचा अधिकार रानाच्या प्रेमिकांना नाही. आणि तळ्याभोवतीची तांबडी वाट झाकून टाकण्याचा अधिकार सोयीच्या नावाखाली कोणालाही नाही. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान व भोवतीचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील ठरवला. तो हुकूम बांधकाम रोखू शकतो. पायवाटेवर आडवा दगड पुन्हा रोवायला मात्र माणूस लागतो, त्याची मजुरी लागते आणि ते काम दर वर्षी पावसाआधी करावे लागते.

पनवेलच्या वाचकाने हे परक्या गावचे दुखणे समजू नये. माथेरानचा पश्चिमेकडचा सनसेट पॉइंट ज्या दरीवर उभा आहे, तिच्या तळाशी धोदाणी हे पनवेल तालुक्यातले गाव आहे. त्या उतारावरचे पाणी गाढी नदीत उतरते, देहरंगच्या धरणात साठते आणि तिथून पनवेल शहराच्या नळांना येते. पाऊस संपून वाट वाळली की पनवेलच्या स्टँडवरून धोदाणीची एस.टी. पकडावी, गावातल्या कोणा जाणत्याला सोबत घेऊन अडीच-तीन तासांत सनसेट पॉइंट गाठावा आणि तळ्याला वळसा घालून यावे. एवढेच करावे की, चढताना व उतरताना कितीही घाई असली तरी वळण तोडून खाली उतरू नये, आणि वाटेवरचा एखादा आडवा दगड निखळलेला दिसला तर तो उचलून त्याच्या जागी बसवावा.