आठवीनंतरचे ताट

शाळेतला पोषण आहार आठवीला संपतो. तेव्हाही मुलींची वाढ चालूच असते, पाळी सुरू झालेली असते, अंगाला लोह जास्त लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या १०० पैकी ५९ मुलींच्या अंगात रक्त कमी आढळले. महाराष्ट्र शासनाने २०२३ मध्ये आहारात आठवड्याला एक अंडे दिले. जानेवारी २०२५ मध्ये त्याचा निधी थांबवून लोकवर्गणीकडे बोट दाखवले. याचा जाब आम्ही विचारूच. पण आमच्याच घरात भाऊ आधी जेवतो, बहीण उरलेले खाते. तो मैदानावर, ती चुलीपाशी. बाबासाहेबांची जयंती साजरी करणाऱ्या घरात ही विषमता कशी चालते? बांधवांनो, समता आधी ताटात वाढा!