कल्पित प्रदेशांचे नकाशे आणि त्यांची साधने

नकाशा म्हटला की तो एखाद्या खऱ्या भूमीचाच असावयाचा, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु जी भूमी पृथ्वीच्या पाठीवर कोठेच नाही, तिचेही नकाशे माणूस गेली पाच शतके काढीत आला आहे. टॉमस मोरच्या ‘यूटोपिया’ला १५१६ मध्येच त्या कल्पित बेटाचे चित्र जोडलेले होते. १७२६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या स्विफ्टच्या ‘गलिव्हर्स ट्रॅव्हल्स’मध्ये लिलिपुटचा नकाशा होता. टोल्किनच्या ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा पहिला खंड १९५४ मध्ये निघाला, तेव्हा त्यातील विस्तृत प्रदेशाचा नकाशा लेखकाचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी रेखाटला होता.

असे नकाशे केवळ पुस्तकाच्या शोभेसाठी नसतात. ज्या कथेतील पात्रे सतत प्रवासात असतात, तिच्या लेखकाला कोणता घाट कोणत्या गावाच्या कोणत्या बाजूस आहे हे विसरून चालत नाही. पायी चालणारा मनुष्य सामान्यतः दिवसाला पंचवीस-तीस किलोमीटर अंतर तोडतो. पाचव्या प्रकरणात चार दिवसांची असलेली वाट विसाव्या प्रकरणात एका रात्रीत सरली, तर अद्भुतावर विश्वास ठेवावयास तयार असलेला वाचकही तेथे अडखळतो. कल्पित प्रदेशाला सत्याचा आभास येतो तो अशा लहानसहान गोष्टींतील नेमकेपणामुळे, आणि त्या नेमकेपणाचा हिशेब नकाशा ठेवीत असतो.

या दृष्टीने रॉबर्ट लुई स्टीव्हन्सनचा अनुभव बोधप्रद आहे. १८८१ च्या उन्हाळ्यात स्कॉटलंडमधील ब्रेमार येथे त्याने एका बेटाचा नकाशा रंगविला आणि त्या नकाशातूनच ‘ट्रेझर आयलंड’ ही कादंबरी जन्मास आली. पुढे पुस्तक छापावयाचे ठरले तेव्हा त्याने हस्तलिखिताबरोबर नकाशाही प्रकाशकाकडे धाडला. परंतु नकाशा पोहोचलाच नाही. तेव्हा स्वतःच्याच पुस्तकातील प्रत्येक उल्लेख वेचून, कंपास हाती घेऊन, त्याला तो नव्याने जुळवावा लागला. नवा नकाशा वडिलांच्या कचेरीत तयार झाला व १८८३ च्या पुस्तकात छापलाही गेला. पण तो आपला मूळचा नकाशा नव्हे, ही रुखरुख स्टीव्हन्सनच्या मनातून गेली नाही.

आज हे काम बहुधा संगणकावर होते, आणि त्यासाठीची सॉफ्टवेअर इतकी आहेत की नवशिक्याने गोंधळून जावे. पुष्कळ जण नमुन्याची सुंदर चित्रे पाहून निवड करतात. खरे पाहता पहिला प्रश्न चित्राच्या सौंदर्याचा नसून नकाशाच्या प्रयोजनाचा आहे. लेखकाला स्वतःच्या टिपणासाठी हवा असलेला नकाशा वेगळा आणि पुस्तकात छापावयाचा नकाशा वेगळा. १९७४ मध्ये निघालेल्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’सारख्या बैठ्या खेळात चौकटी आखून मांडावयाचा नकाशा तर त्याहूनही वेगळा. ज्याला हे तिन्ही एकाच साधनाने साधावयाचे आहेत, त्याच्या पदरी बहुधा निराशाच येते.

दुसरा प्रश्न असा की, काढलेली रेषा यंत्र कशा स्वरूपात लक्षात ठेवते? याचे मुख्य प्रकार दोन. पहिल्यात चित्र म्हणजे बारीक ठिपक्यांची रांगोळी असते. यास रास्टर म्हणतात. दुसऱ्यात रेषेचे बिंदू व वळणे आकड्यांत नोंदविलेली असतात. यास व्हेक्टर म्हणतात. ठिपक्यांच्या चित्रात रंगांच्या छटा मनोहर उतरतात, पण ते मोठे केले की विसविशीत होते. मराठी पुस्तकांच्या परिचित डेमी आकाराचे पान सुमारे साडेपाच इंच रुंद व साडेआठ इंच उंच असते. छपाईसाठी इंचाला ३०० ठिपके धरले, तर त्या पानास १६५० गुणिले २५५० ठिपके लागतात, आणि समोरासमोरच्या दोन पानांवर नकाशा पसरावयाचा तर रुंदीच ३३०० वर जाते. पडद्यावर देखणा दिसणारा हजार ठिपके रुंदीचा नकाशा छापल्यावर फिकट व धूसर का होतो, याचे उत्तर या साध्या गणितात आहे. व्हेक्टर पद्धतीच्या नकाशाला ही अडचण नसते. तो पोस्टकार्डावर छापा की भिंतीवर, रेषा तशीच रेखीव राहते.

एवढे ध्यानात घेतले म्हणजे उपलब्ध साधनांची प्रतवारी सोपी होते. ‘इंकारनेट’ आणि ‘वंडरड्राफ्ट’ ही चित्रकला न येणाऱ्यांना जवळची वाटणारी साधने होत. डोंगर, झाडे, किल्ले यांचे तयार ठसे त्यांत असतात व ते उमटवीत जावयाचे असते. पहिले इंटरनेटवर चालते. त्याचा मर्यादित भाग विनामूल्य असून उरलेल्यासाठी वर्गणी भरावी लागते. दुसरे एकदाच विकत घेऊन आपल्या यंत्रावर ठेवता येते. ‘कॅम्पेन कार्टोग्राफर’ हे १९९० नंतरच्या दशकापासून चालत आलेले साधन अभियंत्यांच्या आराखड्यांच्या पद्धतीवर बांधलेले आहे. ते शिकावयास कष्ट पडतात. पण त्यात अंतर मोजता येते आणि हवे ते प्रमाण राखता येते. ‘गिंप’ व ‘इंकस्केप’ ही विनामूल्य व खुली साधने खास नकाशांसाठी नाहीत. पहिले ठिपक्यांचे, दुसरे रेषांचे; दोन्ही थोडी अधिक मेहनत मागतात आणि तिच्या मोबदल्यात पुष्कळ स्वातंत्र्य देतात.

याखेरीज आणखी एक वर्ग आहे तो आपोआप भूमी घडविणाऱ्या साधनांचा. ‘अझगार’ या टोपणनावाने ओळखल्या जाणाऱ्या प्रोग्रामरचे ‘फँटसी मॅप जनरेटर’ हे त्यांतील प्रसिद्ध उदाहरण. ते विनामूल्य असून उंचसखलपणा, वारे, पाऊस, नद्या, वने आणि राज्यांच्या सीमा क्षणार्धात मांडून दाखविते. यामागील तत्त्व महाराष्ट्रातील वाचकास परके नाही. समुद्रावरून येणारे वारे सह्याद्रीवर चढतात, म्हणून महाबळेश्वरास वर्षाला पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस पडतो. आणि त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेस, डोंगराच्या पाठीमागे, माण तालुक्यात तो सुमारे पाचशेवर येतो. कल्पित प्रदेशातही डोंगराच्या एका अंगास रान व दुसऱ्या अंगास माळ असला, की तो प्रदेश पटतो. उपनद्या मुख्य नदीस मिळतात आणि मुखाजवळचा त्रिभुज प्रदेश सोडल्यास नदीला सहसा फाटे फुटत नाहीत, हा नियमही तसाच. यंत्र हे नियम पाळते हा त्याचा गुण. मात्र अमुक गाव नदीच्या वळणावर का वसले, तेथील जत्रा कोणत्या वैराने बंद पडली, हे त्याला ठाऊक नसते. त्यामुळे यंत्राने दिलेली भूमी हा कच्चा माल समजावा; तिला इतिहास देणे हे लेखकाचेच काम होय.

मराठीत लिहिणाऱ्यासाठी एक कसोटी विशेष महत्त्वाची आहे, ती लिपीची. देवनागरीत अक्षरे नुसती एकापुढे एक ठेवून भागत नाही. त्यांची जुळणी करावी लागते. ज्या साधनात ही सोय नसते, तेथे ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या डावीकडे न येता उजवीकडे पडते आणि जोडाक्षरे पाय मोडून सुटी उभी राहतात. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी ‘सिद्धिक्षेत्र’ यासारखे एखादे अवघड नाव त्यात लिहून पाहावे. गिंप व इंकस्केप यांत ही जुळणी नीट होते. आवडलेल्या साधनात ती होत नसेल, तर नावांवाचून नकाशा तयार करून तो इंकस्केपमध्ये आणावा आणि नावे तेथे घालावीत.

शेवटचा प्रश्न टिकाऊपणाचा, आणि तोच बहुधा विचारावयाचा राहतो. एखादे कल्पित जग रचण्यात लेखकाची दहा-दहा वर्षे जातात. तो नकाशा एकाच कंपनीच्या साधनात उघडत असेल, तर वर्गणी थांबली, कंपनी बंद पडली वा संगणक बदलला की ती दहा वर्षे कुलपात अडकतात. स्टीव्हन्सनचा नकाशा टपालात हरवला. आजचा नकाशा डोळ्यांसमोर असूनही हरवू शकतो. एसव्हीजी हे व्हेक्टर चित्रांचे खुले मानक २००१ पासून रूढ आहे व त्यातील नोंद साध्या मजकुरासारखी वाचता येते. पीएनजी हे ठिपक्यांच्या चित्रांसाठी तसेच सर्वत्र चालणारे रूप आहे. यांपैकी एका रूपात नकाशा बाहेर काढता येतो की नाही, आणि तो पुस्तकात छापून विकण्याची मुभा परवान्यात आहे की नाही, हे आरंभीच पाहावे. काही ठिकाणी विनामूल्य भागात केलेले काम केवळ खाजगी उपयोगासाठीच असते.

म्हणून निवडीची उत्तम रीत अशी : प्रथम कागदावर पेन्सिलीने एक कच्चा आराखडा काढावा. मग त्यातला एक कोपरा, म्हणजे एक डोंगररांग, एक नदी, दोन गावे आणि त्यांची देवनागरी नावे, निरनिराळ्या दोन-तीन साधनांत उतरवून पाहावा. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा उघडावा, नदीचे पात्र थोडे सरकवावे, दोन गावांमधील अंतर मोजावे आणि एक प्रत छापून घ्यावी. ज्या साधनात ही चार कामे कुरकुर न करता होतील, ते साधन त्या लेखकाचे. मग त्याचे ठसे इतरांहून थोडे कमी देखणे असले तरी बिघडत नाही.