किशोरवयीनांवरील मानसोपचार : मोजमापाबाबत उपचारक साशंक का?

ताप उतरला की नाही, हे तापमापी सांगते. नैराश्याने किंवा चिंतेने ग्रासलेल्या किशोरवयीन मुलाला उपचारांनी बरे वाटत आहे का, हे ठरविणे मात्र कठीण असते. त्यासाठी मापनाधारित उपचारपद्धती पुढे आली. या पद्धतीत मूल आणि त्याचे पालक ठरावीक काळाने प्रमाणित प्रश्नावली भरतात. त्यातील गुणांच्या आधारे उपचारक पुढील उपचारांची दिशा ठरवितो.

अशा मोजमापाची गरज अमेरिकेतील एका विद्यापीठाच्या समुपदेशन केंद्रातील अभ्यासातून स्पष्ट झाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ५५० रुग्णांपैकी कोणाची प्रकृती खालावेल, असे उपचारकांना विचारण्यात आले होते. त्यांनी तिघांचीच नावे सांगितली. प्रत्यक्षात ४० जणांची प्रकृती खालावली आणि उपचारकांचा अंदाज त्यांपैकी एकाच्याच बाबतीत खरा ठरला.

मोजमापाचा लाभ २०११ साली लेनर्ड बिकमन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिला. अमेरिकेच्या दहा राज्यांतील २८ केंद्रांत ३४० मुलांवर हा प्रयोग झाला. ज्यांच्या उपचारकांना दर आठवड्याला अहवाल मिळत होता, ती मुले तीन महिन्यांनी अहवाल मिळणाऱ्या उपचारकांकडील मुलांपेक्षा लवकर सुधारली. उपचारकांनी अहवाल जितके अधिक पाहिले, तितका हा फरक वाढला.

तरीही वापर अल्पच आहे. अमेरिकेतील ५०४ उपचारकांच्या २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत बहुतेकांचे मत अनुकूल होते. पण महिन्यातून किमान एकदा प्रश्नावली वापरणारे सुमारे १४ टक्केच होते. साठ टक्क्यांहून अधिक उपचारकांनी ती कधीच वापरली नव्हती.

या विसंगतीमागे अनेक कारणे आहेत. पहिले कारण व्यवहार्यतेचे. मुलांवर उपचार करणाऱ्या १,४०० हून अधिक व्यावसायिकांच्या २०१० मधील पाहणीत, प्रमाणित साधने सोयीची वाटतात की नाही, याचा त्यांच्या वापराशी निकटचा संबंध आढळला. भेटीची वेळ मर्यादित असते. गुण मोजणे व नोंद ठेवणे हे काम वाढते. दुसरे कारण भीतीचे. हेच आकडे उद्या आपली कामगिरी जोखण्यासाठी वापरले जातील, अशी शंका उपचारकांना येते. तिसरे कारण मूल्यमापनाच्या मर्यादेचे. मूल व पालक यांची उत्तरे अनेकदा जुळत नाहीत, आणि मुलाची सारी व्यथा गुणांत मावत नाही, असे अनेकांना वाटते.

म्हणूनच केवळ आदेश काढून ही पद्धत रुजणार नाही. प्रशिक्षण, त्यासाठी राखून ठेवलेला वेळ आणि आकडे शिक्षेसाठी वापरले जाणार नाहीत याची हमी उपचारकांना मिळाली पाहिजे. प्रश्नावली उपचारकाच्या अनुभवाची जागा घेत नाही. परंतु ज्या मुलाची प्रकृती नकळत ढासळत आहे, त्याच्याकडे ती वेळीच लक्ष वेधू शकते.