पिल्लू अंगाने मोठं, हाडं मात्र कच्चीच



धानाच्या राखणीसाठी जर्मन शेफर्ड किंवा लॅब्रॅडॉरचं पिल्लू आणलंय? सात-आठ महिन्यांत ते मोठ्या कुत्र्याएवढं दिसतं, पण हाडं पक्की व्हायला साधारण सव्वा ते दीड वर्ष लागतं. तोवर घाई नको.

❌ मोटारसायकलमागे पळवू नका.
❌ मनाने कॅल्शियम पाजू नका. जास्त झालं तर हाडं-सांधे बिघडतात.
✅ खाणं दिवसातून दोन-तीनदा विभागून द्या. लठ्ठ करू नका, बरगड्या हाताला लागल्या पाहिजेत.
💉 तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस. पुढचे डोस पशुवैद्यक सांगतील तसे.

कोका जंगलालगतच्या गावांत बिबट्याची भीती असते. पिल्लू रात्री बांधीवर एकटं बांधू नका, घरातच ठेवा.