संशोधनाला हातभार कोणाचा?

संशोधन म्हटले की डोळ्यांपुढे पांढरा डगला घातलेला एखादा एकटा विद्वान उभा राहतो. आम्ही युनियनच्या कचेरीत वाढलेली माणसे. जे काही शिकलो ते तिथल्या पुस्तकांच्या कपाटापाशी. त्या विद्वानाच्या मागे कोण उभे होते, हे पाहण्याची आम्हाला खोड आहे. स्त्रियांच्या आरोग्यातलेच एक उदाहरण घेऊ.

१९२८ साली मुंबईच्या गिरणी कामगारांचा सहा महिन्यांचा संप झाला. त्याच साली लूसी विल्स या इंग्रज डॉक्टरबाई मुंबईस आल्या. गिरणीत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक घातक रक्तक्षय होत असे. रक्तातल्या तांबड्या पेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या. डॉ. मार्गारेट बाल्फोर बाळंतपणातील मृत्यूंची चौकशी करीत होत्या. त्या कामात विल्सबाई सामील झाल्या. खर्चाचा भार इंडियन रिसर्च फंड असोसिएशनने उचलला, जागा परळच्या हाफकिन संस्थेने दिली. १९३० च्या निबंधांवर तळपदे व मेहता या सहकाऱ्यांचीही नावे आहेत. बायका काय खातात, कशा राहतात, याची पाहणी झाली. यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर रोगी बायकांचे रक्त सुधारले. हे १९३१ साली प्रसिद्ध झाले.

अर्कातले ते द्रव्य कोणते, हे पुढे कळले. १९४१ साली पालकाच्या पानांतून ते वेगळे काढून त्याला फोलिक ॲसिड हे नाव दिले गेले. ते अपुरे पडले की पेशी वाढते, पण तिचे नीट विभाजन होत नाही; गरोदरपणी तर त्याची गरज वाढते. गर्भ राहण्याआधीपासून ते घेतल्यास बाळाच्या कण्याचे जन्मजात दोष पुष्कळ अंशी टळतात, हे १९९१ साली ब्रिटनमधून झालेल्या एका मोठ्या चाचणीत सिद्ध झाले. आज सरकारी दवाखान्यात गरोदर बाईला लोहाबरोबर याच गोळ्या मिळतात. या गोळीच्या इतिहासात मुंबईच्या कष्टकरी बायकांचे रक्त आहे. त्यांची नावे मात्र कुठे नाहीत.

हे आम्हाला का सलते, तेही सांगतो. काही वर्षांपूर्वी आमच्या सभासद बायकांचे रक्त एका पाहणीसाठी घेतले गेले. "सगळ्याजणी जा," असे गेटसभेत आम्हीच सांगितले होते. त्या दिवसाचा खाडा पडला, मजुरी कापली गेली, आणि अहवाल कधी आलाच नाही. पुढच्या खेपेस एक वयस्कर बाई म्हणाल्या, "भाऊ, रगत जातं, कागद येत नाही." आम्हाला उत्तर सुचले नाही.

तेव्हापासून आमच्या तीन अटी आहेत. तपासणीच्या दिवसाची मजुरी मिळावी. काय तपासणार आणि कशासाठी, हे बाईला तिच्या भाषेत सांगून मगच तिची संमती घ्यावी. 'नको' म्हणण्याची मोकळीक तिला असावी. आणि निष्कर्ष तिच्या हातात परत यावा.

यात संशोधकांना अडवण्याचा हेतू नाही. पैसा सरकार देईल, जागा संस्था देतील. पण बाई दुसऱ्यांदा आपणहून आली, तरच पाहणी पुरी होते. ती यावी यासाठी संशोधकांच्या बरोबरीने खपण्यास आमच्यासारख्या संघटना तयार आहेत.