‘डूलॅली’ : एका इंग्रजी शब्दाचा अर्थ व उगम

ब्रिटिश बोलीभाषेत ‘डूलॅली’ हे एक विशेषण आहे. डोके फिरलेला, भ्रमिष्ट, तऱ्हेवाईक असे त्याचे अर्थ होत. आपल्या अध्यापनात हा शब्द क्वचितच येतो. वस्तुतः त्याचे मूळ नाशिकजवळच्या देवळालीत आहे.

१८६१ मध्ये ब्रिटिशांनी देवळालीस लष्करी छावणी स्थापन केली. सेवेची मुदत संपलेले गोरे सैनिक मायदेशी परतण्यापूर्वी येथे आणले जात. सैनिकांची ने-आण करणारी जहाजे साधारणतः हिवाळ्याच्या महिन्यांतच सुटत. त्यामुळे ज्याची मुदत उन्हाळ्याच्या तोंडाशी संपे, त्याला कित्येक महिने तिष्ठत राहावे लागे. काम नाही, कवायत नाममात्र. उरे ते ऊन, मद्य आणि कंटाळा. फ्रँक रिचर्ड्स या माजी सैनिकाने ‘ओल्ड सोल्जर साहिब’ (१९३६) या आत्मकथनात या प्रतीक्षेचे आणि तिने सैनिकांच्या मनावर केलेल्या परिणामाचे वर्णन केले आहे.

सैनिकांच्या तोंडी मूळ प्रयोग ‘डूलॅली टॅप’ असा जोडशब्दाचा होता. ‘ळ’ हा वर्ण इंग्रजीत नाही. त्यामुळे ‘देवळाली’तील ‘ळ’ आणि ‘ल’ एकच झाले व ‘देव’चा ‘डू’ झाला. ‘टॅप’ म्हणजे हिंदुस्तानी ‘तप’, अर्थात ज्वर. आपला ‘ताप’ त्याचाच सगोत्र. (मराठीतही ‘डोक्याला ताप’ हा ज्वर नव्हे, हे येथे आठवावे.) म्हणजे मूळ अर्थ ‘देवळालीचा ताप’. इंग्रजी ‘टॅप’चा अर्थ हलकी थाप किंवा तोटी, हिंदुस्तानी न जाणणाऱ्यास उत्तरपद निरर्थक वाटणे स्वाभाविक होते. कालांतराने ते गळले. व्याधीचा वाचक शब्द गेला आणि वेडाचा सगळा अर्थ गावाच्या नावावर येऊन पडला.

या पदलोपामुळेच देवळालीस वेड्यांचे इस्पितळ असावे, असा समज होतो. लंडनच्या बेथलेहेम मनोरुग्णालयावरून ‘बेडलम’ शब्द आला, हे उदाहरण त्यास पोषक ठरते. परंतु दोहोंत भेद आहे. बेडलममध्ये वेडे ठेवले जात. देवळालीस धडधाकट माणसे येत आणि वाट पाहून बिघडत. प्रस्तुत लेखकाच्या मते ‘तप’ या पदाची साक्ष येथे निर्णायक मानावी, कारण ते इमारतीचे नव्हे, अवस्थेचे नाव आहे.

२००९ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या एका बिअरनिर्मितीगृहाने ‘डूलॅली’ हेच नाव घेतले. शब्द महाराष्ट्रात परतला, पण इंग्रजी उच्चारासह.