परंड्याहून लिस्बन, पॉइंट्सच्या जोरावर!

१६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडलं. सरदार मलिक अंबरनं दुसऱ्या मुर्तझा निजामशहाला गादीवर बसवलं आणि निजामशाहीचा कारभार परंड्याहून सुरू झाला. पुढे राजधानी जुन्नरला गेली, मग दौलताबादला. फिरत्या राजधानीचा मान मात्र एकट्या निजामशाहीचा नाही. १८०७ च्या नोव्हेंबरात नेपोलियनचं सैन्य लिस्बनजवळ पोचलं, तसं पोर्तुगालचं अख्खं राजघराणं जहाजात बसून निघालं. १८२१ पर्यंत राजा ब्राझीलमधल्या रिओत होता आणि राज्य तिथून चाललं. युरोपातल्या देशाची राजधानी थेट दक्षिण अमेरिकेत!

युरोप म्हटलं की पॅरिस, रोम, लंडन ही नावं आधी येतात. पण परंड्याच्या माणसानं पहिली यादी करताना वर लिस्बन लिहावं, असं मला मनापासून वाटतं. क्रेडिट कार्डावर साठलेले पॉइंट्स विमानाच्या तिकिटावर खर्चायला याहून चांगलं ठिकाण सुचत नाही.

तोफेला तोफ

विजापूरची मलिक-ए-मैदान तोफ आधी परंड्याच्या किल्ल्यावर होती. १५४९ मध्ये अहमदनगरला मुहम्मद बिन हसन रूमी या तुर्की कारागिरानं ती ओतली. १६३२ मध्ये विजापूरच्या मुरार जगदेवानं ती परंड्याहून विजापूरला नेली. वजन सुमारे ५५ टन, लांबी साडेचार मीटरच्या आत, तोंडाशी सिंहाचा जबडा आणि त्यात चिरडलेला हत्ती. इंग्रजी अमलात, १८५४ साली, तिचा लिलाव झाला आणि बोली लागली १५० रुपयांची! नशीब, ती विक्री रद्द झाली.

आता लिस्बनच्या लष्करी संग्रहालयात या. तिथे ‘तिरो द दिऊ’ नावाची भलीमोठी तोफ आहे. १५३३ मध्ये गुजरातचा सुलतान बहादूरशहा याच्या राज्यात ती ओतली गेली. पुढे ती पोर्तुगीजांच्या हाती लागली आणि दीवहून जहाजानं लिस्बनला पोचली. वजन सुमारे २० टन, म्हणजे आपल्या मलिक-ए-मैदानच्या निम्म्याहूनही कमी. पण लांबी सहा मीटरच्या वर, त्या बाबतीत तीच मोठी. तिच्यावरचा अरबी लेख अजून वाचता येतो. आधी परंड्याच्या बुरुजांवरच्या तोफा बघून घ्या, मग विजापूर, मग लिस्बन. या क्रमानं बघणाऱ्याला त्या दालनात जे दिसेल, ते पॅरिसहून आलेल्या पर्यटकाला दिसणार नाही. संग्रहालय सांता अपोलोनिया रेल्वे स्थानकासमोरच आहे आणि मेट्रो तिथवर जाते.

निजामशहाचा डॉक्टर

लिस्बनच्या विद्यापीठात शिकवणारा गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये गोव्यात आला आणि बुऱ्हाण निजामशहाचा वैद्य झाला. आंबा, हिंग, मिरी अशा आपल्या औषधी-मसाल्यांवरचा त्याचा ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यातच छापला गेला. तो वारल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, १५८० मध्ये, पोर्तुगीज धर्मन्यायालयानं (इन्क्विझिशननं) त्याची हाडं उकरून जाळली. का, तर तो गुपचूप यहुदी धर्म पाळत होता म्हणून. आज लिस्बनमध्ये तेजो नदीच्या काठी त्याच्या नावाची बाग आहे. निजामशाहीच्या राजवाड्यात नाडी बघणाऱ्या माणसाच्या बागेत परंडेकरानं नक्की बसावं.

पाहुणा गेंडा

गुजरातहून लिस्बनला आणखी एक पाहुणा गेला : १५१५ मध्ये सुलतान मुझफ्फरशहाकडून भेट म्हणून आलेला जिवंत गेंडा. जर्मन चित्रकार ड्यूररनं तो कधी पाहिलाच नाही. नुसत्या वर्णनावरून आणि रेखाटनावरून त्याचं चित्र कोरलं आणि तेच जगभर गाजलं. लिस्बनमधल्या बेलेंच्या बुरुजावर कोरलेलं गेंड्याचं डोकं आजही आहे. खाली उभं राहून मान वर करून शोधावं लागतं.

बार्शीचा रेल्वेवाला आणि पॅराशूट

लिस्बनला जायचं म्हणजे विमान आलंच, तर आधी शेजारच्या बार्शीचं ऐका. १८९७ मध्ये बार्शी लाइट रेल्वे सुरू करणारा इंग्रज अभियंता एव्हरार्ड कॅल्थ्रॉप. रोल्स-रॉइसमधला चार्ल्स रोल्स हा त्याचा मित्र १९१० मध्ये विमान अपघातात गेला. त्यानंतर कॅल्थ्रॉप वैमानिकांसाठी पॅराशूट बनवण्याच्या मागे लागला. त्याच्या पॅराशूटचं नाव ‘गार्डियन एंजल’. आपली छोटी गाडी रुळांवर आणणारा माणूसच वैमानिकांचे जीव वाचवायला धडपडत होता!

पॉइंट्सची जत्रा

अमेरिकन एअरलाइन्सनं १ मे १९८१ ला प्रवाशांना मैल मोजून बक्षीस द्यायला सुरुवात केली आणि मग साऱ्या जगात ही पद्धत पसरली. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एका अभियंत्यानं १२,१५० पुडिंगचे कप विकत घेतले, कारण वेष्टनावरच्या पट्टीच्या बदल्यात विमानाचे मैल मिळत होते. खर्च ३,१४० डॉलर, कमाई साडेबारा लाख मैल. पुडिंग त्यानं गरजूंना वाटून टाकलं.

आपल्याकडे असं पुडिंग नाही, पण क्रेडिट कार्ड आहे. तीन गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवा. पेट्रोल, वीजबिल, विमा यांवर बरीच कार्डं पॉइंट देत नाहीत किंवा अगदी कमी देतात. नियम वाचूनच कार्ड घ्या. दुसरं, बिल दर महिन्याला पूर्ण भरा. थकवलं की महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज लागतं आणि फुकटचं तिकीट सगळ्यात महाग पडतं. तिसरं सगळ्यात महत्त्वाचं : बँकेचे पॉइंट विमान कंपनीकडे एकदा वळवले की सहसा परत येत नाहीत. म्हणून आधी जागा शोधा, ती दिसली की मगच पॉइंट हलवा.

साठवून ठेवण्याचा मोह तर टाळाच. जेट एअरवेज एप्रिल २०१९ मध्ये जमिनीवर आली. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली आणि तिचे पॉइंट एअर इंडियाच्या ‘महाराजा क्लब’मध्ये गेले. कंपन्या बदलतात, दर बदलतात. पॉइंट जमले की उडा.

जागा कशी मिळते?

एअर इंडिया ११ जुलै २०१४ ला स्टार अलायन्स या विमान कंपन्यांच्या गटात आली. पोर्तुगालची विमान कंपनी टॅप २००५ पासून त्याच गटात आहे आणि लुफ्तान्सा तर संस्थापकांपैकी. म्हणजे महाराजा पॉइंट्सवर मुंबईहून फ्रँकफर्ट किंवा म्युनिक आणि पुढे लिस्बन, असा मार्ग शोधता येतो. पॉइंट्सवरच्या जागा प्रत्येक विमानात मोजक्याच असतात. साधारण अकरा महिने आधीपासून बघायला लागा आणि तारखा मागेपुढे सरकवायची तयारी ठेवा. दिवाळी आणि मे महिना टाळलात तर नशीब लवकर उघडतं. आणि हो, कर आणि अधिभार रोख भरावेच लागतात; पैसे भरण्याआधी तो आकडा बघा.

पोर्तुगालला शेंगेन व्हिसा लागतो; त्याचं शुल्क प्रौढांना ९० युरो. अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो, प्रवासाच्या किमान १५ दिवस आधी द्यावाच लागतो. ३०,००० युरोचा प्रवास विमा सक्तीचा.

पोचल्यावर

लिस्बनचा विमानतळ शहरातच आहे, मेट्रो दारात. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात शहर कोसळलं. पुन्हा बांधताना भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घातले आणि नमुना पक्का आहे का हे पाहायला त्याच्याभोवती सैनिकांना पाय आपटत चालायला लावलं, असं सांगतात. १९९३ चा किल्लारीचा भूकंप अनुभवलेल्या आपल्या जिल्ह्यातल्या माणसानं असा पुन्हा बांधलेला बायशा भाग सावकाश बघावा. जेरोनिमोश मठात वास्को द गामाची कबर आहे. जवळच १८३७ पासून चाललेलं पास्तेइश द बेलेंचं दुकान : खुसखुशीत पारीत अंड्याचं गोड सारण, वर दालचिनी. अंडं न खाणाऱ्यांनी ते टाळावं. बर्ट्रांड हे १७३२ चं पुस्तकांचं दुकान अजून चालू आहे. घड्याळ हिवाळ्यात साडेपाच तास मागे करायचं, उन्हाळ्यात साडेचार. घरी फोन करायचा तर तिथल्या दुपारीच करा, परंड्यात जेवणं व्हायची वेळ असते.